१८४४६७४४०७३७०९५५१६१५: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळाचा पट आणि धान्याचे दाणे ही गोष्ट न ऐकलेला माणूस विरळा. गोष्ट सगळ्यांना येते, शेवटचा आकडा मात्र कोणी सांगत नाही. "काहीतरी प्रचंड" एवढ्यावर भागवतात. मला त्या "काहीतरी"चाच नाद आहे. गेल्या काही वर्षांत शिकवणीच्या मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी जे प्रश्न विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. खाली २^६४ असे दिसले की २चा ६४वा घात समजा.

ही संख्या आली कुठून?

पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट करत चौसष्टावे घर गाठायचे आणि सगळ्या दाण्यांची बेरीज करायची. उत्तर २^६४ − १.

गोष्टीतला राजा शिरहाम, आणि बुद्धिबळाचा खेळ शोधल्याबद्दल हे दाणे बक्षीस मागणारा सिस्सा. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान या चरित्रकाराने ही कथा नोंदवली. पण आकड्याचा हिशेब त्याच्याही आधीचा आहे. साधारण इ. स. १०००च्या सुमारास अल्-बिरुनी या विद्वानाने हीच बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बरोबर लिहून ठेवली. केरळात अंबलप्पुळाच्या मंदिरातल्या पाल्पायसमची, म्हणजे दुधातल्या तांदळाच्या खिरीची, आख्यायिकाही याच वळणाची आहे. तिथे साधूच्या वेषातला कृष्ण राजाला डावात हरवतो आणि राजाला तांदळाचे देणे फेडता येत नाही, म्हणून रोज पायस वाटायचे ठरते.

शेवटी तो "उणे एक" कशाला?

समजा शेजारणीकडून एक दाणा उसना आणला आणि पहिल्या घरातल्या दाण्याजवळ ठेवला. झाले दोन. दुसऱ्या घरातही दोनच आहेत, ते मिळवा, चार झाले. तिसऱ्या घरात चार आहेत, मिळवा, आठ झाले. असे सरकत गेले की प्रत्येक वेळी हातातली रास पुढच्या घराएवढीच असते, आणि चौसष्टावे घर आत घेतल्यावर बरोबर २^६४ दाणे हातात येतात. आता शेजारणीचा दाणा परत करा. भूमिती श्रेढीचे सूत्र पाठ करण्याआधी मुलांना हा उसना दाणा दाखवावा, सूत्र मग आपोआप समजते.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. कोणत्याही घरातले दाणे त्याआधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. म्हणजे शेवटचे एक घर मागच्या त्रेसष्ट घरांना पुरून उरते.

ती वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. कोटीच्या वर रोजच्या बोलण्यात शब्दच उरत नाहीत, म्हणून "कोटी" दोनदा वापरावा लागतो: १ लाख ८४ हजार ४६७ कोटी ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. दमछाक होते, पण बरोबर आहे.

भास्कराचार्यांनी ११५०च्या 'लीलावती'त यापेक्षा चांगली सोय केली आहे. तिथे कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी दर पायरीला दहापट होणारी नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या हिशेबाने आपली संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व काही नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी काही नाही, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत आणि वर १५. मला हे मोठ्याने वाचायला आवडते. एक इशारा मात्र देतो: हिंदीतला खरब आणि लीलावतीतला खर्व एक नव्हेत. खरब शंभर अब्जांचा, खर्व दहा अब्जांचा.

एवढे गुणाकार हाताने करायचे?

त्रेसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही. सहा वेळा वर्ग करा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की काम झाले. शेवटचा वर्ग जरा अंगावर येतो, पण कागद आणि अर्धा तास पुरतो.

ही युक्ती फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या रचना मोजताना २चे घात असेच काढले आहेत: घातांक सम असेल तर निम्मा करून वर्ग, विषम असेल तर एक कमी करून दुप्पट. लीलावतीतही तीच रीत आहे आणि सोबत एक झकास उदाहरण आहे. कोणी दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर दान करतो, तर एकूण निष्क किती? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी भागाकार करून पाहिला, कवडीचाही फरक नाही. हा कवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

दाणे म्हणजे नक्की किती गहू?

गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा धरू. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा ग्रॅम गहू मोजून घेतले आणि घरी ताटात निवडत बसलो, तर अडीचशेच्या आसपास दाणे निघाले. पटाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे पहिल्या आठ घरांत मिळून, २५५ दाणे असतात. मूठभरसुद्धा नाहीत. राजा हसला यात त्याची चूक नाही.

पुढची प्रत्येक ओळ हिशेब सुमारे २५६ पटींनी फुगवते. दुसऱ्या ओळीअखेर २ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे घरचे एक लहानसे दळण. तिसऱ्या ओळीअखेर ६७० किलो. चौथ्या ओळीअखेर, म्हणजे अर्धा पट झाल्यावर, ४२९४९६७२९५ दाणे, १७२ टन. एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात एवढा माल सहज सापडेल. इथपर्यंत राजा वचन पाळू शकला असता. पाचव्या ओळीअखेर ४४ हजार टन. सहाव्या ओळीअखेर सुमारे १ कोटी १३ लाख टन, भारताच्या वर्षभराच्या गव्हाचा साधारण दहावा हिस्सा. सातवी ओळ संपली की २८८ कोटी टन होतात, आणि सगळ्या जगाचे वर्षाचे गव्हाचे पीक ८० कोटी टनांच्या आसपास आहे. आठवी ओळ भरेपर्यंत सुमारे ७३,८०० कोटी टन. आजच्या पिकाने जगाला हे देणे फेडायला नऊशेहून जास्त वर्षे लागतील, तीही पोळी न खाता.

ही मूळ संख्या आहे का?

शेवटी ५ आहे, तेव्हा नाही. पण "नाही" म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही, कारण तिचे अवयव पाडणे म्हणजे गणिताच्या इतिहासातली एक सुरेख वाट चालणे आहे.

शाळेतले सूत्र आठवा: दोन वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. २^६४ हा २^३२चा वर्ग, म्हणून २^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). दुसऱ्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लावा, मग पुन्हा. कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसे अवयव सुटत जातात:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

प्रत्येक अवयव २च्या कोणत्या तरी घातापेक्षा एकने मोठा आहे, आणि ते घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असे स्वतःही दुप्पट होत जातात. या फर्मा संख्या. १६४०च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणित्याने पाहिले की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत, आणि तशा सगळ्याच मूळ असतील असे त्याने मानले. सहावी ४२९४९६७२९७. तिच्यापाशी गाडी अडली. १७३२ साली पंचविशीतल्या ऑयलर या गणित्याने दाखवले की

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

आणि फर्माचा अंदाज कोसळला. तो असा कोसळला की त्यानंतरची एकही फर्मा संख्या आजवर मूळ निघालेली नाही. तेव्हा आपल्या संख्येचे पूर्ण अवयव असे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

यातला ६५५३७ तुमच्या नकळत रोज कामाला येतो. इंटरनेटवरच्या आरएसए कुलूपपद्धतीत जाहीर किल्लीचा घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी हीच संख्या वापरतात.

६४१ कसा सापडला? सगळे भागाकार करत बसले?

सगळे नाहीत. ४२९४९६७२९७चा कोणताही मूळ विभाजक ६४ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असावा लागतो, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात कुलूप उघडते.

आणि ६४१ने भाग जातो हे पटवायला तर भागाकारही लागत नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ५ × २^७ + १, म्हणजे ६४० + १; आणि ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × २^७ ला ६४१ने भागले तर बाकी −१. चौथा घात करा: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून, बाकीच्या हिशेबात ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. ठेवला की −२^३२ ची बाकी १ होते, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. चार ओळी. दहावीच्या मुलांना हे फळ्यावर दाखवले की एकदोन तरी चेहरे उजळतात. उरलेले "परीक्षेला आहे का?" विचारतात.

तिच्या शेजारच्या संख्या कशा आहेत?

खालची संख्या सम, तीत फार मजा नाही. एकने मोठी तर निव्वळ २^६४, तिला दोनाशिवाय मूळ अवयवच नाही. आणि दोनने मोठी म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही सातवी फर्मा संख्या. तिचे अवयव २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ असे आहेत. १८८० साली ऐंशी ओलांडलेल्या लांद्री नावाच्या फ्रेंच गणित्याने ते प्रसिद्ध केले. कॅल्क्युलेटर नाही, वय ऐंशीच्या पुढे, आणि समोर वीस अंकी संख्या! आपण बिलाची बेरीजही मोबाइलवर करतो.

एकूण विभाजक किती?

सात वेगवेगळे मूळ अवयव, कोणताही दोनदा आलेला नाही. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २^७, म्हणजे १२८ विभाजक. यात १ आणि ती संख्या स्वतः हे दोन्ही धरले आहेत.

पूर्ण वर्ग आहे का?

नाही. शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग नेहमी २५वर संपतो, ही १५वर संपते.

अंकांची बेरीज काय येते? हर्षद संख्या आहे का?

बेरीज ८७, पुढे ८ + ७ = १५, मग ६. म्हणून ३ने भाग जातो, ९ने नाही.

अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. हे गोड नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिले. ८७ म्हणजे ३ × २९, आणि वरच्या सात अवयवांत २९ नाही. तेव्हा आपली संख्या हर्षद नाही. दुसऱ्या पायातही तिला हा मान मिळत नाही: द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर, अंकांची बेरीज ६४ येते आणि संख्या विषम आहे.

पट्टी आणि कंपासने एवढ्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येईल?

हा प्रश्न मला एका नववीतल्या मुलीने विचारला आणि मी दोन दिवस खूश होतो. उत्तर नाही असे आहे, आणि दोष पुन्हा त्या ६४१चा.

१७९६ साली अठरा वर्षांच्या गाउसने दाखवले की सतरा बाजूंची सुसम आकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते. नियम असा की बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अशा फक्त पाच माहीत आहेत: ३, ५, १७, २५७, ६५५३७. त्यांच्या एकेरी किंवा एकत्र गुणाकारांनी ३१ संख्या मिळतात. या सगळ्या आपल्या संख्येच्या विभाजक आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी ४२९४९६७२९५, म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे! ६४१ आणि ६७००४१७ या फर्मा संख्या नाहीत, म्हणून पूर्ण पटाला ते भाग्य नाही. योहान हेर्मेस नावाच्या गृहस्थांनी ६५५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहायला दहा वर्षे घालवली आणि १८९४ साली ती पूर्ण केली.

संगणकवाले या संख्येचे एवढे नाव का काढतात?

कारण द्विमान पद्धतीत ती ओळीने चौसष्ट एक अशी दिसते, आणि सोळा अंकचिन्हांच्या षोडशमान पद्धतीत सोळा 'एफ'. दशमान पद्धतीत विस्कटलेली दिसणारी ही संख्या तिच्या स्वतःच्या पायात इतकी एकसुरी आहे. बिट म्हणजे एका ० किंवा १ची जागा; ६४ बिटांच्या खणात ऋण चिन्हाशिवाय मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. तिच्यात एक मिळवला तर जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९वरून शून्यावर यायचा, तसा खण रिकामा होतो.

आणि त्या कवड्या?

भास्कराचार्यांच्या दात्याच्या कवड्या २१४७४८३६४६. त्यात एक मिळवला की २१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १. ही मूळ संख्या असल्याचे ऑयलरने १७७२मध्ये सिद्ध केले. ३२ बिटांच्या खणात, चिन्हासाठी एक बिट राखून, मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. २०१४ साली यूट्यूबवर एका कोरियन गाण्याची पाहिलेल्यांची मोजणी या आकड्यापुढे गेली आणि मोजणीचा खण ६४ बिटांचा करण्यात आला. बऱ्याच जुन्या संगणक प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद याच ३२ बिटांत मोजतात. त्यांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला ते डिसेंबर १९०१ दाखवू लागेल.

एक्सेलमध्ये उत्तर चुकीचे का येते?

एक्सेलमध्ये २^६४ काढून सगळे अंक दाखवायला सांगितले, तर १८४४६७४४०७३७०९६००००० असे दिसते. पंधरा अंकांपुढे ते शून्ये लावते. त्यातून एक वजा केला तरी उत्तर तेच, कारण आत संख्या साठवायला ५३ बिटांचीच अचूकता आहे आणि तो शेवटचा एक तिथपर्यंत पोहोचतच नाही. मोबाइलचे काही साधे कॅल्क्युलेटरही असाच गोल आकडा दाखवतात. पायथॉन या संगणकभाषेत करा, एकूण एक अंक मिळेल. नाहीतर वर सांगितलेले सहा वर्ग आणि कागद.

काशीतल्या सोन्याच्या चकत्यांची गोष्ट खरी आहे का?

काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या चकत्या आहेत, पुजारी त्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवत आहेत आणि काम संपले की जग संपेल, ही गोष्ट. काशीत असे काही नाही. १८८३ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्याने 'हॅनोईचा मनोरा' हे खेळणे काढले, त्यासोबत ही दंतकथा पसरली. गणित मात्र खरे आहे. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, तर कमीत कमी २^६४ − १ वेळा हलवावे लागते. कारण सोपे आहे: तळाची चकती एकदा हलवण्यासाठी वरचा सगळा ढीग आधी बाजूला न्यावा लागतो आणि मग तिच्यावर परत आणावा लागतो, म्हणजे दुप्पट अधिक एक.

सेकंदाला एक हलवली तर ५८,४५४ कोटी वर्षे. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे, त्याच्या बेचाळीस पट. पण गोष्ट रचणाऱ्याने आपले पुराणातले हिशेब पाहिले नसावेत. एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, ४३२ कोटी वर्षांचा, आणि रात्रही तेवढीच. त्या मापाने पुजाऱ्यांचे सगळे काम ब्रह्मदेवाच्या अडुसष्ट दिवसांत उरकते. पूजेच्या संकल्पात गुरुजी "ब्रह्मणो द्वितीये परार्धे" म्हणतात, इथे परार्ध म्हणजे वरची संख्या नव्हे, ब्रह्मदेवाचे अर्धे आयुष्य; म्हणजे त्याच्या आयुष्याची पन्नास वर्षे सरून उरलेली अजून बाकी आहेत. दोनेक महिन्यांचे काम त्यात कुठेही बसते.

घरी मुलांना दाखवायचे असेल तर कुठपर्यंत जमते?

पहिली ओळ दाणे मोजून भरा. नवव्या घरापासून मोजू नका, वजनावर जा: नवव्याला दहा ग्रॅम, दहाव्याला वीस, अकराव्याला चाळीस. तेराव्या घरापासून पटावर दाणे मावत नाहीत, वाट्या घ्याव्या लागतात. सोळाव्याला सव्वा किलोच्या वर, पातेले लागते. सतराव्या घराला एकट्याला दोन किलो सहाशे ग्रॅम. आमच्याकडे डबा तिथेच तळाला गेला. संध्याकाळी पटावरचे, वाट्यांतले आणि पातेल्यातले गहू एकत्र करून दळायला टाकले. तीनचार दाणे अजून सोफ्याखाली असतील.